एक टीव्ही, तीन डब्या

शाळेत किस्से गोळा करावे लागत नाहीत. आपण नुसतं नोकरीवर हजर राहायचं, ते आपोआप साठतात. माझ्याकडचे निम्मे तर एकट्या टीव्हीचे आहेत. ऐकून लोक हसतात, आणि मला अजून राग येतो!

बोरीजवळच्या आमच्या शाळेत बऱ्याच पोरांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पोरं राहतात आजी-आजोबांकडं. मधल्या सुट्टीत तिकडून माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल येतो. एवढ्याशा फोनमध्ये एवढ्या पोरांनी काय बघायचं? म्हणून मी फोन वायरने शाळेच्या टीव्हीला जोडायचे. पण टीव्हीला चालू पोर्ट एकच, आणि त्यात हेडसरांचा सेट-टॉप बॉक्स. शैक्षणिक चॅनेलसाठी म्हणे! शिक्षण कसलं, तर क्रिकेटचं.

एकदा मी त्यांची वायर काढली तर ओरडलेच, "मॅडम, पोर्ट ढिला होईल!"

"मॅच बघून होत नाही का ढिला, सर?"

*

भांडण मिटावं म्हणून आमचे कदम सर परभणीहून स्विच बॉक्स घेऊन आले. काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी. तीन वायरी आत, एक टीव्हीला, वर बटण; दाबून नंबर निवडायचा, त्या वायरीचं चित्र दिसणार. दुकानातली सगळ्यात स्वस्त!

"एक नंबर माझा," हेडसरांनी आधीच सांगून टाकलं.

थोड्याच दिवसांत बटण एकवरच अडकलं. दाबा, ठोका, हलायचं नाव नाही. हेडसर खूश! "बघा मॅडम, डबीलासुद्धा कळतं हेड कोण हाय ते!"

माझ्या तोंडात आलं होतं ते शाळेत बोलण्यासारखं नव्हतं.

*

मग आली ऑटो डबी. "बटणाची कटकटच न्हाई," कदम सर म्हणाले. जे शेवटी चालू कराल, ते दिसणार.

पहिलीतली राणी तिच्या आईला, सुनीताला, पडलेला दात दाखवत होती. सुनीता फडात उसाच्या मोळीवर बसून हसत होती. तेवढ्यात हेडसरांनी सेट-टॉप बॉक्स चालू केला. सुनीता गायब, बॉलर हजर!

राणी म्हणाली, "मॅडम, माजी आई आउट झाली का?"

बाकीचे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सर, बंद करा ते!"

"अहो, दोनच ओव्हर राहिल्यात!"

फोनवर कॉल चालूच होता. सुनीता विचारत होती, "मॅडम, कोन वरडायलंय तिथं?"

"हेडसर मॅच बघायलेत," मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं.

*

तिसरी डबी रिमोटची. रिमोट हेडसरांच्या खिशात, आणि हेडसर मीटिंगला जिंतूरला! पोरं निळ्या पडद्यासमोर मांडी घालून बसली होती.

"स्वस्तातल्या मालात एवढं ॲडजस्ट करावं लागतं, मॅडम," कदम सर म्हणाले.

"दर वेळी पोरांनीच का करायचं हो ॲडजस्ट?"

कदम सरांनी गुपचूप ऑटो डबी परत लावली.

*

एक दिवस तालुक्याचे साहेब तपासणीला आले. टीव्हीसमोर दोन खुर्च्या मांडल्या. हेडसर लॅपटॉपवरून डिजिटल शाळेचे फोटो दाखवत होते. मागं पोरं रांगेत बसलेली.

"साहेब, हा टीव्ही फक्त विद्यार्थ्यांसाठी. दुसरं काहीच लावत नाही आपण!"

माझं डोकं असं सणकलं! तेवढ्यात मधली सुट्टी झाली आणि टीव्हीशेजारी वायरीला लावून उभा ठेवलेला माझा फोन वाजला. लॅपटॉपचे फोटो गेले, पडद्यावर माझा फोन आला. सुनीताचा कॉल. हेडसर माझ्याकडं बघून नको नको अशी मान हलवायला लागले.

मी उचलला.

अख्ख्या पडद्यावर सुनीता, मागं ऊस. तिनं डोळे बारीक करून खुर्च्यांवरच्या दोघांना नीट न्याहाळलं.

"आज दोघं दोघं म्याच बघायलेत व्हय? जरा बाजूला सरका की! माजी राणी दिसंना."