आईचा कादिश

त्यांनी आम्हाला मोजलं.

आम्हा ज्यूंत माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. एक, दोन, तीन करत माणसावर बोट ठेवणं बरं नाही, असं मानतात. म्हणून एक हिब्रू वचन आहे, दहा शब्दांचं. ते म्हणत जायचं, एका माणसाला एक शब्द. वचन पुरं झालं की दहा पुरुष जमले. दहा जमल्याशिवाय काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. बाबांनी मला ते वचन शिकवलं तेव्हा मी चौथीत होतो.

लॅबमधल्या डॅनियलच्या घरी पाहुणे आलेले ॲरन सर ते वचन म्हणत खोलीभर फिरले. डॅनियलला एक शब्द. त्याच्या शेजारच्याला एक. सोफ्यापाशी उभ्या असलेल्या दोघांना दोन. मी खिडकीकडे होतो, शेवटी. दहावा शब्द माझा होता. मी मान जराशी पुढे केली. सरांनी माझ्याकडे बघितलं, ओठ मिटले आणि वळून डॅनियलला म्हणाले, "एक कमी आहे."

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची नजर चुकली असेल. मी हात वर केला, वर्गात करतात तसा. म्हटलं, "सर, मी आहे ना."

ते हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "यू आर वेलकम टू वॉच."

बघायला थांब म्हणे! आणि प्रार्थना कुणासाठी होती? माझ्या आईसाठी. आईला जाऊन त्या दिवशी वर्ष झालं होतं. मुलाने उभं राहून कादिश म्हणायचा, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं, एवढंच असतं. पण त्याला दहा लागतात. म्हणून मी डॅनियलला आधीच विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, "ये ना, नऊ जण असतो आम्ही, तू आलास की झालं." स्वच्छ सदरा घालून, डोक्यावर टोपी ठेवून गेलो होतो.

त्या संध्याकाळी कादिश झाला नाही. बाकीची प्रार्थना त्यांनी म्हटली. मी बघितली.

आता मी कोण ते सांगतो. मी रेवदंड्याकडचा. बेने इस्रायली. म्हणजे ज्यू, पण आडनावाला शेवटी कर लागतो आणि घरात मराठीशिवाय भाषा नाही. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावात आम्हाला शनवारतेली म्हणायचे. त्यात कुणी कमीपणा मानला नाही, आम्हीही नाही. शिकलो, शिष्यवृत्ती मिळाली आणि सौदीत थुवालला आलो, तांबड्या समुद्राच्या काठच्या कॅम्पसवर. खारं पाणी गोडं करायच्या पडद्यांवर माझं काम.

इथे ज्यू माणसं आहेत हेच मला आधी ठाऊक नव्हतं. डॅनियल आमच्याच लॅबमध्ये, अमेरिकेहून आलेला, पीएच.डी. झालेला. सुट्टीतही लॅबला येणारा मी शनिवारी कधीच येत नाही, हे एकदा त्याच्या ध्यानात आलं. त्याने विचारलं, मी सांगितलं. तो इतका खूश झाला की काय सांगू! शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या घरी काहीजण जमायचे, पडदे ओढून, गाजावाजा न करता. कुणी अमेरिकेचा, कुणी फ्रान्सचा, कुणी दक्षिण आफ्रिकेचा. भारतातून मी एकटा. पहिल्या दिवशी एकाने मला बघून पाण्याची बाटली मागितली. त्याला वाटलं, जेवण घेऊन आलेला माणूस आहे. मी बाटली दिली. हसण्यावारी नेलं. तिथेच ओळखायला हवं होतं, पण मला माणसांची भूक होती. गावाकडे आमचं सिनेगॉग आहे, पण आमची घरं उरली नाहीत. सगळे इस्रायलला गेले नाहीतर ठाण्याला. शेवटच्या सणाला बाबा आणि आणखी तिघे होते.

आणि दुसरी एक गोष्ट होती. उन्हाळा. परदेशातली एक संस्था दर उन्हाळ्यात ज्यू विद्यार्थ्यांना मोठमोठ्या लॅबमध्ये पाठवते. निवड ॲरन सर करायचे. ते निवृत्त प्राध्यापक, दरवर्षी वसंतात थुवालला यायचे. मला ज्या चाचण्या करायच्या होत्या, त्याचं यंत्र त्यांच्या यादीतल्या एकाच लॅबमध्ये होतं. माझे गाईड स्पष्ट बोलले होते, "हे झालं नाही तर प्रबंध अर्धवट राहील, आणि शिष्यवृत्ती वाढवून मिळणार नाही." डॅनियल म्हणाला होता, "तुझं नक्की समज."

मला मोजलं नाही त्याच शुक्रवारी, प्रार्थनेनंतर जेवताना ॲरन सर माझ्या शेजारीच बसले. मुद्दाम. फार गोड बोलतात ते. ब्रेडचा तुकडा स्वतःच्या हाताने मला दिला. म्हणाले, "तुमच्या समाजाबद्दल मला आदर आहे. पण बघ, ज्यूपण आईकडून येतं. इतकी शतकं तुम्ही तिकडे एकटे होता. मधल्या काळात घरात आलेल्या बायका कुठल्या होत्या, कोण सांगणार?"

मी म्हटलं, "माझी आई ज्यू होती."

ते म्हणाले, "तुझ्या मनात शंका नसेल, हे मला कळतं."

टेबलावर कुणी मान वर केली नाही. डॅनियल सूप ढवळत होता. ढवळतच होता.

माझी आई. शनिवारी कामाला येणार नाही म्हणून तिने बालवाडीतली नोकरी सोडली होती. हातची नोकरी! बाबांचा एसटी वर्कशॉपमधला पगार तो केवढा. पण नाही म्हणजे नाही. शुक्रवारी ऊन कलायच्या आत काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात. नवीन वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा करायची, सकाळपासून ढवळून ढवळून दंड भरून यायचे. आम्हाला ओरडायची ती मराठीत, देवाला हाक मारायची तीही मराठीत. आणि हा माणूस, पोटभर जेवता जेवता, ती कुठली होती ते विचारतो. माझ्या अंगाची आग आग झाली. पण मी काय केलं? हातातला ब्रेड खाल्ला. समोर उन्हाळा दिसत होता ना.

मग सरांनी तोडगा सांगितला. फार सोपा. समुद्रात बुडी. नवीन माणसाला धर्मात घेताना वाहत्या किंवा समुद्राच्या पाण्यात बुडवतात, तीन साक्षीदारांसमोर. "कुणाला कळणारही नाही. फक्त शंका नको म्हणून. तुझ्या कादिशला मग कुणी अडवणार नाही. आणि तुझं नाव मी निर्धास्तपणे पुढे पाठवीन."

मी विचार करतो म्हटलं.

घरी बाबांना फोन लावला. मला वाटलं, बाबा भडकतील. ते म्हणाले, "बाळा, आई गेली. ती काय बघायला येणार आहे? मार बुडी. पुढे जा." आणि लगेच म्हणाले, "जेवलास का?" त्यांचा आवाज असा होता की मला माझ्याच बापाचा राग आला, आणि मग रडू आलं.

कॅम्पसवर लाँड्रीत बशीरभाई आहेत, श्रीवर्धनचे. माझं आडनाव ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "म्हणजे शनवारतेली तू!" तेव्हापासून माझे कपडे नीट घडी करून देतात आणि माझं काही कुठे बोलत नाहीत. त्यांना सांगितलं. मला वाटलं, हा माणूस तरी माझ्या बाजूने बोलेल. कसलं काय! ते माझ्यावरच उखडले. "अरे, पाणीच हाय ना? मार बुडी नि हो मोकळा. आमी ऱ्हायच्या इकाम्यासाटी कफील शेठच्या पोरांच्या गाड्या धुतल्या. इज्जत घेऊन काय करशील, घरी जाऊन मासे विकशील?"

मी म्हटलं, "गाडी धुतली म्हणून तुमची आई कोण ते बदललं का?"

त्यांनी हातातल्या शर्टाची घडी पुरी केली. मग म्हणाले, "नाय बदललं. पण मारच तू बुडी."

सगळे हेच सांगत होते. मग मी गेलो.

पुढच्या शुक्रवारची सकाळ. समुद्रकिनाऱ्याचा एका बाजूचा तुकडा, तिथे कुणी येत नाही. ॲरन सर, डॅनियल आणि तिसरा एकजण. डॅनियलने माझ्यासाठी टॉवेल आणला होता. अंगावर काही नसावं असा नियम, पण सैल चड्डी चालेल म्हणाले. उपकारच! मी चड्डीवर पाण्यात शिरलो. ते तिघे काठावर, अंगभर कपडे आणि उन्हाच्या टोप्या घालून. पाणी कमरेपर्यंत आलं. कोमट होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ॲडमिशनसाठी रांगेत उभ्या असलेल्या पोरासारखा मी तिथे उभा, आणि काठावरून माझी तपासणी.

सरांनी मोठ्याने विचारलं, "आजपासून तू ज्यू लोकांत येतो आहेस. तुला हे मान्य आहे?"

आजपासून.

म्हणजे कालपर्यंत मी कोण होतो? मी कोणीही असेन, ते सोडा. पण मी 'हो' म्हटलं असतं तर त्याचा अर्थ एकच होता. आई ज्यू नव्हती. तिची वात, तिची सोडलेली नोकरी, सगळं खोटं. आणि हे मी माझ्या तोंडाने म्हणायचं, तिच्याच कादिशसाठी! मेलेल्या बाईला धर्मातून बाहेर काढायचं, मग तिच्यासाठी प्रार्थना करायची. डोकं सणकलं माझं.

मी म्हटलं, "नाही."

"काय?"

"मान्य नाही. सर, आमची माणसं समुद्रातूनच आली. कोकणच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात बाया नि सात बाप्ये जीव वाचवून वर आले. त्यांच्यापासून आम्ही. आमची बुडी झालेली आहे."

सर म्हणाले, "ती दंतकथा आहे."

"असू दे."

मी बाहेर आलो. डॅनियलने टॉवेल पुढे केला, मी घेतला नाही. सर जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "भावनेच्या भरात उन्हाळा घालवू नकोस."

मी म्हटलं, "घालवला."

ओल्या चड्डीवर शर्ट चढवला आणि खोलीपर्यंत चालत आलो. वाटेत मला काही फार मोठं केल्यासारखं वाटलं नाही. आपण काय करून बसलो, हेच डोक्यात.

आणि पुढे व्हायचं तेच झालं. त्या लॅबची जागा दुसऱ्याला मिळाली. बाटली मागणाऱ्याला. त्याच्या विषयाला ते यंत्र लागतच नाही. माझा प्रबंध अडला. शिष्यवृत्ती संपली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपेल, आणि मी रेवदंड्याला परत. बाबांना सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले. एवढंच. ते खूश झाले नाहीत. शाबासकी दिली नाही. कुणीच दिली नाही. बशीरभाई कपडे देताना मान हलवतात, "येडा हाय हा."

जिथे मला धरतात तिथे दहा उरले नाहीत. जिथे दहा जमतात तिथे मला धरत नाहीत. आईचा कादिश राहिला तो राहिलाच. खोलीत एकट्याने म्हणून बघितला. तो एकट्याने म्हणायचा नसतो. माझंच मला आमेन म्हणवेना.

जूनमध्ये डॅनियल लॅबमध्ये माझ्या टेबलापाशी आला. मध्ये आम्ही कामापुरतं बोलत होतो. ॲरन सर निघून गेले होते. काहीजण उन्हाळ्यासाठी गेले, काहींकडे पाहुणे आले, पण त्यांना धरूनही पुन्हा नऊच होत होते. डॅनियलच्या वडिलांचं वर्ष त्या शुक्रवारी होतं.

"तू ये," तो म्हणाला. "आम्ही तुला धरू."

"ॲरन सरांना विचारलंस?"

"त्यांना कळवायची गरज नाही."

गुपचूप! म्हणजे गरजेपुरता मी ज्यू. एका संध्याकाळपुरता.

मी म्हटलं, "येतो. पण आधी सगळ्यांसमोर म्हण, याची आई ज्यू होती. आणि त्या दिवशी आपण तिचा कादिश अडवला, ती चूक झाली."

तो कळवळून म्हणाला, "मी एकटा कसं म्हणू ते? प्लीज. माझे वडील आहेत."

त्याचे डोळे भरले होते. खोटे नव्हते. बापासाठी उभं राहायचंय आणि एक माणूस कमी आहे, हे काय असतं ते या कॅम्पसवर माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मला त्याची दया आली. खूप आली.

मी गेलो नाही. त्याच्या वडिलांचा कादिश झाला नाही.

मला यात आनंद नाही. कुणाच्या मेलेल्या बापावर सूड उगवायची मला हौस नाही. पण मी आता कुणाचा उसना दहावा होणार नाही. आधी माझ्या आईचं नाव घ्या, मोठ्याने, सगळ्यांसमोर. ते तुम्ही घेणार नाही, मला माहीत आहे. मग नऊच राहा.