सकाळी सातचं तापमान

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी गराजसमोरचा बर्फ काढत होतो. जानेवारीतला रविवार, सकाळचे अकरा. एका हाताचा मोजा दातांनी ओढून काढला आणि फोन घेतला. "काका, ॲरिझोनाहून शेरीफच्या ऑफिसचा फोन होता," ती म्हणाली. "बाबा गेले. बुधवारी संध्याकाळीच गेले असावेत, म्हणतात." त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला वाटलं, काहीतरी चूक होते आहे. आज सकाळी सातला तर त्यांचा मेसेज आला.

प्रज्ञाचे बाबा, मिलिंद गजभिये, माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे. नागपूरचे. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या एका विमा कंपनीत आम्ही चौदा वर्षं एकत्र काम केलं आणि त्यातली नऊ वर्षं एकाच गाडीतून ऑफिसला गेलो. मी त्यांना मिलिंददादा म्हणायचो, ते मला ऑडिटर म्हणायचे, कारण पेट्रोल भरलं की मायलेज वहीत लिहायची मला सवय. "काय ऑडिटर, आज गाडी किती प्याली?" हे त्यांचं सोमवारचं वाक्य. स्वतः ते सॉफ्टवेअरच्या चाचण्या घ्यायचे. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधायची, पण ती सांगताना समोरच्याचा चेहरा पडू द्यायचा नाही, ही त्यांची पद्धत. मला ती कधी जमली नाही.

अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी, सुजाताताई गेल्या. तेव्हा आम्हा ओळखीच्या बावीस घरांनी त्यांना डबे पोहोचवले. कोणत्या दिवशी कोणाचा डबा, हे वेळापत्रक अर्थातच मी केलं होतं. दोन महिने एकही दिवस रिकामा गेला नाही. मला त्याचा अभिमान होता. नंतर एकदा मिलिंददादा म्हणाले, "लोकं लय चांगले आहेत रे. पण रोज दारात कोणीतरी उभं राहून विचारते, जेवले का? मी हो म्हणतो, मग ते माझ्या तोंडाकडं पाहून राहते... असं एक ठिकाण दाखव, जिथं हा प्रश्नच कोणी विचारत नाही."

निवृत्त झाल्यावर त्यांनी आर. व्ही. घेतली. आर. व्ही. म्हणजे चालतं घर: पलंग, ओटा, शेगडी, संडास-बाथरूम असं सगळं असलेली मिनीबसएवढी गाडी. इकडचे बरेच निवृत्त लोक अशा गाड्या घेऊन थंडीत दक्षिणेच्या वाळवंटात जातात आणि चार-पाच महिने तिथेच मुक्काम ठोकतात. सुजाताताईंना शिकागोची थंडी सोसायची नाही, म्हणून हा बेत मुळात दोघांचा होता. आता एकटे निघाले होते.

कुठे राहायचं, हे ठरवायला ते ऑक्टोबरमध्ये माझ्याकडे आले. माझ्या जेवणाच्या टेबलावर आम्ही सलग तीन शनिवार बसलो. तीन जागा होत्या. पहिली ॲरिझोनातल्या युमा गावातली वसाहत. नळ, वीज, सगळं होतं, पण दोन गाड्यांमध्ये दहा फुटांचं अंतर. दुसरी, गावाबाहेरचं सरकारी माळरान. तिथे थंडीभर राहता येतं आणि पाण्याचा एक सामायिक नळ आहे, त्यामुळे शे-दोनशे गाड्या जमतात. तिसरी, खराब रस्त्याने अकरा मैल आत, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे काहीच नाही. चौदा दिवस राहायचं, मग नियमाप्रमाणे दूर कुठेतरी हलायचं, नंतर हवं तर परत यायचं. दवाखाना, पाणी, फोनची रेंज, रात्रीचं किमान तापमान, अशा आठ रकान्यांत मी प्रत्येक जागेला गुण दिले. तिसरी जागा सरळ शेवटची आली.

मिलिंददादांनी कागद शांतपणे पाहिला. "यात शांतता कुठं आहे बे?"

"शांतता मोजता येत नाही, दादा."

"तुझ्या बापाचं काय जाते? टाक ना एक रकाना. आणि वजन दवाखान्याइतकंच दे."

मी टाकला. तिसरी जागा वर आली, पण पहिल्या क्रमांकावर मात्र नाही. मग मी स्वतःच, कोणी न सांगता, शांततेचं वजन आणखी पाचाने वाढवलं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून वाढवलं, आणि ती जागा पहिली आली. हे त्यांना कळलं नाही आणि मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बदल्यात मी एकच अट घातली: रोज सकाळी सातला मला मेसेज आला पाहिजे.

पहिला आठवडा त्यांनी तो हाताने पाठवला. मग एक दिवस फोन आला, आवाजात खुशी. "ऑडिटर, तुझा प्रॉब्लेम सॉल्व्ह केला. मी विसरलो तर तू पोलीस पाठवशील म्हणून यंत्रच बसवून टाकलं. रोज सातला आतलं आणि बाहेरचं तापमान आपोआप येईल. फालतू गुड मॉर्निंगपेक्षा बरं ना?" मला खरोखर बरं वाटलं. आकडा होता! मी तो रोज तक्त्यात नोंदवू लागलो. आम्ही दोघांनी आयुष्यभर संगणकाच्याच नोकऱ्या केल्या. पण माणूस जिवंत आहे की नाही हे कळावं म्हणून घातलेली अट आम्ही यंत्राच्या हाती दिली, यातली चूक दोघांपैकी एकाच्याही लक्षात आली नाही. त्यांच्यासारख्या चूक शोधणाऱ्याच्याही नाही.

दिवसा बंद असलेला हीटर ते रोज रात्री झोपताना स्वतःच्या हाताने बासष्ट फॅरनहाइटवर लावायचे. त्यामुळे रोज आत बासष्ट, बाहेर चाळीसच्या आसपास. त्या गुरुवारी मेसेज आला तो असा: आत त्रेचाळीस, बाहेर एक्केचाळीस. शुक्रवारी आत बेचाळीस. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'गॅस संपला? विचारणे.' विचारलं नाही. आधीच्या आठवड्यात मी दोनदा फोन केला तेव्हा ते हसून म्हणाले होते, "तू पण डबेवाला झाला का बे आता?" ते मला लागलं होतं. म्हटलं, सोमवारी करू.

शनिवारी दुपारी श्रूजबरीच्या तिच्या घरून प्रज्ञाचा फोन आला. "काका, बाबा फोन उचलत नाहीयेत. रेंज नसेल का? तुम्हाला मेसेज येतोय ना?"

"येतोय की. आज सकाळीच आला."

"थँक गॉड," ती म्हणाली आणि तिने काळजी सोडली.

रविवारी त्यांना शोधलं ते दोन मैलांवर तंबू ठोकून राहिलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने. त्यांच्याकडे कसलाच तक्ता नव्हता. काठी घेऊन रोज समोरून जाणारा माणूस चार दिवस दिसला नाही, म्हणून ते दार ठोठावायला गेले.

हृदयविकाराचा झटका होता. दवाखाना शेजारी असता तरी कदाचित वेळ मिळाला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते मी मान्य करतो. पण त्यांच्या 'कदाचित'ला किती वजन द्यायचं, ते मला कळत नाही. आणि ते चार दिवस कोणत्याही रकान्यात बसत नाहीत. फिनिक्सला विद्युतदाहिनीपाशी आम्ही सहाजण होतो. भंतेजींनी फोनवरून त्रिशरण-पंचशील म्हटलं, प्रज्ञा त्यांच्यामागून म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा आणि मी गाडी आणायला त्या जागी गेलो. खरंच शांत होतं. इतकं, की माझ्या कानांत दडे बसल्यासारखं झालं. दाराबाहेर घडीची एक खुर्ची, तोंड डोंगराकडे. खुर्चीपुढच्या मातीत रोज टाचा टेकून टेकून दोन उथळ खळगे पडले होते. प्रज्ञा जाऊन बसली. खळग्यांपर्यंत तिच्या टाचा पोहोचेनात, म्हणून ती पुढे सरकली, आणि मग पोहोचल्या. मी गाडीच्या पायरीवर उभा होतो. ती माझ्याकडे वळली नाही.

"काका, शनिवारी तुम्हाला मेसेज आला होता ना... त्यात किती होतं?"

खोटं बोलता आलं असतं. तिने पडताळून पाहिलं नसतं.

"आत एक्केचाळीस," मी म्हणालो. "बाहेर चाळीस."

तिला वजाबाकी करायला वेळ लागला नाही. ऊन डोंगरावरून सरकेपर्यंत ती तशीच, टाचा त्या खळग्यांत ठेवून बसून राहिली. मग तिने विचारलं, "काका, तुम्ही सकाळपासून काही खाल्लंत का?"