तिसऱ्या दिवशी बाई घरी यायच्या

आधीच सांगते, भूतखेत, अंगात येणं, मांजर आडवं जाणं – हे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आम्ही बौद्ध. घरात लिंबू-मिरची आली ती फक्त स्वयंपाकाला. त्यात मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. तरी हे लिहितेय... हसायचं तर हसा.

माझी आजी ठाण्यात शाळेत बाई होती. आम्ही वर्तकनगरला राहतो, तेव्हाही आणि आताही. तिचा एक हट्ट होता – पोरगं तीन दिवस गैरहजर राहिलं की तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ही त्याच्या घरी हजर! वागळे इस्टेटच्या चाळी तिने अशा पायी पालथ्या घातलेल्या. दारू पिणाऱ्या बापांना झापायची, आजारी पोरांना दवाखान्यात न्यायची. आणि मला तर तिनेच वाढवलं. आई-पप्पा दोघं कामावर... माझ्या वेण्या, माझा डबा, माझा अभ्यास, सगळं आजी.

शेवटचं दीड वर्ष ती अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. कूससुद्धा आम्हीच बदलायचो.

तो मंगळवार. दुपारचे तीन. आई बाहेर गेलेली, घरात आम्ही दोघीच. दोन दिवस मला धड झोप नव्हती. आजी एकदम स्पष्ट बोलली, "अगं, माझी चप्पल दे. तिसरा दिवस झाला, पोरगा आला नाही."

"कोण पोरगा? झोप ना आजी."

"चप्पल दे गं."

दहा वेळा तेच! माझं डोकं फिरलं. ओरडले मी तिच्यावर – "संपली तुझी शाळा! गप पड!"

ती गप्प झाली. चारला चहा घेऊन गेले, तर आजी गेलेली.

माझे तिच्याशी शेवटचे शब्द हे. मी कोणालाच सांगितलं नाही, आईलाही नाही. लोक भेटायला यायचे, "किती केलंस गं आजीचं" म्हणायचे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसासाठीचा आमचा विधी झाला. त्यानंतर तीन-चार दिवसांनी, संध्याकाळी बेल वाजली. दारात पन्नाशीचे एक काका, पार खंगलेले, हातात पेरूंची पिशवी.

"जयभीम ताई. बाई आहेत ना? मी सुधाकर, त्यांचा विद्यार्थी."

आईने हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. ते दारातच बसले. "असं कसं? दोन आठवडे नाही झाले, मंगळवारी माझ्या रूमवर आलेल्या!"

काका वागळे इस्टेटला एकटेच राहतात, लेथवर काम करतात. तापाने फणफणून तीन दिवस रूमवर पडलेले, कोणाला पत्ता नाही. साडेतीनच्या सुमारास बाई आल्या, कॉटवर टेकल्या आणि वर्गात ओरडायच्या तशा ओरडल्या – "सुधाकर, ऊठ! शेजारी हाक मार!" त्यांनी कशीबशी मारली. डेंग्यू निघाला. कालच हॉस्पिटलमधून सुटलेले, आणि आज बाईंना भेटायला आलेले.

आई म्हणाली, "अहो, त्या दीड वर्ष उठल्याच नव्हत्या. तापात भास झाला असेल."

मलाही तेच वाटलं. अगदी शंभर टक्के.

"भास कसा हो? पाय धुळीने माखलेले त्यांचे. मी म्हटलं, बाई, एवढ्या उन्हात अनवाणी? तर म्हणाल्या, 'नात दमलीये रे माझी. चप्पलसाठी तिला नाही उठवलं.'"

मी ढसाढसा रडले... आणि तेव्हा पहिल्यांदा आईला सगळं सांगितलं. आई पाठीवरून हात फिरवत राहिली.

नंतर मी खूप डोकं चालवलं. ताप होता, तापात भास होतात, मान्य. पण त्या चप्पलचं त्यांना कोण सांगणार? घरात आम्ही दोघीच होतो! त्याचं उत्तर आता मी शोधतही नाही. मी तिच्यावर ओरडले होते हो – आणि ती तिथे जाऊन माझीच बाजू सांभाळून आली.