बाजारात अक्का अजून आहे

फोनवर नाव अक्काचं होतं, फोटोही अक्काचा. मी पोळ्या लाटत होते. पिठाचाच हात लावून फोन उचलला आणि नेहमीसारखं विचारलं, "काय गं, चिवळीची जुडी मिळाली का?" पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग भाऊजींचा आवाज आला, "ती उठत नाहीये गं..." माझी थोरली बहीण झोपेतच गेली होती. धावत तिच्या घरी पोचले, तर ओट्यावर आदल्या दिवशी भिजवलेली मटकी रात्री फडक्यात बांधून ठेवलेली. मोड यायला लागले होते. बाई गेली तरी मटकी तिचं काम करत होती, आणि मला कुणाचा राग आला असेल तर त्या मटकीचा.

आम्ही फैजपूरच्या. घरी केळीची बाग. अक्काचं सासर धुळ्याचं, पण भाऊजी डाळ मिलमध्ये नोकरीला लागले आणि दोघं जळगावात मेहरूणला, तलावाच्या बाजूला स्थायिक झाली. पुढे मीही लग्न होऊन दोन गल्ल्या सोडून राहायला आले. दोघी बहिणींचे डोळे सारखे, आवाज तर इतका सारखा की फोनवर भाऊजी हमखास फसायचे. बाकी मात्र आमचं काही जुळायचं नाही. मला सगळं झटपट हवं असतं. अक्का बाजाराला जायची तीसुद्धा दोन घास खाऊन. म्हणायची, "उपाशीपोटी बाजारात गेलं की पिशवीत फरसाणच येतं." पिशवी भरण्याचा तिचा क्रम ठरलेला. आधी पाला, मग शेंगा आणि फळभाजी, मग केळी-पेरू, आणि सगळ्यात वर जागा उरली तर लाड. लाड म्हणजे पावशेर तिखट शेव. जागा बहुतेक वेळा उरायचीच, कारण तिला शेवभाजी आवडायची आणि ते ती कधी लपवायची नाही.

मी एकदा बारीक व्हायचं मनावर घेतलं आणि भाकरी, पोळी, भात सगळं सोडून दिलं. काकडी खायची, पाणी प्यायचं आणि घरात सगळ्यांवर खेकसायचं. पुतणीच्या हळदीत भोवळ येऊन पडले, तेव्हा अक्कानं मला मांडवाच्या मागे नेऊन कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, चतकोर भाकरी, ठेचा आणि वाटीभर घोटलेला पोकळा पुढे ठेवला. "हे खा, मग हो बारीक," म्हणाली. "जेवण सोडायचं नसतं बाई. ताटातली जागा बदलायची असते. पाल्याला मोठी जागा दे, भाकरीला लहान, लाडाला कोपरा. कोपरासुद्धा दिला नाहीस, तर तो सगळं ताट मागतो." भाऊजींची साखर वाढली तेव्हाही तिनं हेच केलं. गोडाला बंदी घातली नाही. जेवणानंतर अर्धं केळं दोघांत, आणि तेही देठाशी जरा हिरवं असलेलं. डॉक्टरांनी औषध कमी केलं, त्याचं श्रेय तिनं मेहरूण तलावाच्या फेरीला दिलं.

चिवळ, पोकळा आणि गिलकी, म्हणजे घोसाळी, ती एकाच बाईकडून घ्यायची. त्या बाईचं नाव इथे मी भागाबाई ठेवते. भागाबाई धुळ्याकडची, त्यामुळे अक्का तिच्याशी सासरच्या अहिराणीत बोलायची आणि दोघींचं गुळपीठ जमायचं. थंडीत कधी मी बरोबर गेले, तर मला पिशवी धरायचं काम. अक्का वांगं देठाला धरून तळहातावर तोलायची. हलकं लागलं तर आत बी कमी, ते भरताला. भेंडीचं टोक मोडून बघायची, टचकन मोडलं तरच घ्यायची. उन्हाळ्यात तिचा अवतार ठरलेला. अंगात पांढरा सनकोट, खाली सलवार, डोळ्यांवर चष्मा, आणि हिरव्यावर पांढरे ठिपके असलेला स्कार्फ तोंडाला असा गुंडाळलेला की फक्त डोळे दिसावेत. आमच्या जळगावचं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना हे सांगायला नको. चार महिने गावात बायकांना तोंडं नसतात. स्कार्फची मागची गाठ अक्का सोडायचीच नाही. गाठीसकट तो डोक्यातून काढून दारामागच्या खुंटीला टांगायची आणि दुसऱ्या दिवशी टोपीसारखा चढवायची.

दिवसकार्य झालं, अक्काचा मुलगा योगेश पुण्याला परत गेला. जाताना बापासाठी मोबाइलवरून ओट्स, सुपाची पाकिटं, साखर नसलेली बिस्किटं असं पोतंभर मागवून गेला. पाकिटं तशीच पडून राहिली. भाऊजी चहा प्यायचे, त्यात खारी बुडवायचे आणि दिवस काढायचे. मी डबा पाठवला की संध्याकाळी तसाच परत यायचा. "जात नाही गं," एवढंच म्हणायचे. गालाची हाडं वर आली, साखर पुन्हा चढली, एकदा अंघोळीला गेले ते तिथेच बसून राहिले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर फार दिवस नाहीत. बहिणीपाठोपाठ यांचीही तयारी करावी लागणार, या विचारानं मी घाबरून गेले होते.

अशात एका बाजाराच्या सकाळी मी त्यांच्याकडे गेले. ते आत झोपलेले. म्हटलं, यांच्यासाठी काहीतरी कोवळं घेऊन येते. ऊन तापलं होतं आणि माझा स्कार्फ घरी राहिला होता. खुंटीवरचा अक्काचा स्कार्फ काढला, तर त्याला गाठ नव्हती, नुसती टाचणी. कुणीतरी सोडली असेल म्हणत मी तो गुंडाळला, वरून तिचा सनकोट घातला आणि निघाले.

भागाबाईसमोर वाकले तोच ती म्हणाली, "या अक्का. आज तरी बोला. मांगला बाजारलेबी मुक्याच व्हत्यात. घसा बठना का अजून?"

माझ्या हातातली गिलकी तशीच राहिली. मागच्या बाजाराला अक्का जाऊन महिना होऊन गेला होता. भागाबाईला ती गेल्याचं माहीतच नव्हतं. आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे अक्का दर बाजाराला येत होती. "तुमनाकरता चिवय ठेयेल शे," म्हणत तिनं जुडी काढून दिली. नानांची, म्हणजे भाऊजींची, साखर काय म्हणते विचारलं. मग हसून म्हणाली, "पन अक्का, तुमना हात बिघडी गया. जून भेंडी लई ग्यात तुम्हीन." मी मान हलवली. सांगायला तोंड उघडलं होतं, पण स्कार्फच्या आत माझाच श्वास गरम लागत होता आणि मी ते पुन्हा मिटलं. बोलले असते तर आवाज अक्काचाच निघाला असता, या कल्पनेनं माझ्या अंगावर भर उन्हात काटा आला.

घरी येऊन तडक फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात ओल्या सुती फडक्यात गुंडाळलेल्या जुड्या होत्या. अक्का गुंडाळायची तशाच. तळाच्या काळ्या पडलेल्या, मधल्या पिवळ्या, वरच्या नुसत्या मलूल. एका पिशवीत जून भेंडी. कशालाच विळी लागलेली नव्हती. मागे पावलं वाजली म्हणून वळले, तर स्वयंपाकघराच्या दारात भाऊजी. त्यांनी मला बघितलं, त्या सनकोटात, त्या स्कार्फमध्ये, आणि अगदी साधेपणानं म्हणाले, "आज लवकर आलीस?"

मी घाईघाईनं स्कार्फ ओढून काढला. त्यांचा चेहरा पडला, तो मला अजून दिसतो. मग ते खुर्चीवर बसले आणि हळूहळू सांगितलं. बाजाराला तेच जात होते. अंगानं बारीक, उंची तिच्याएवढीच, पायजमा सनकोटाखाली सलवारीसारखा दिसायचा. वहाणासुद्धा तिच्याच घालायचे म्हणे, टाच बाहेर येत असताना. दुसरी कुठली वेळ असती तर मी पोट धरून हसले असते.

"घरात ती नाही," ते म्हणाले, "गल्लीत नाही. फोन लावला तर माझ्याच खिशात वाजतो. पण बाजारात कुणाला माहीत नाही गं. तिथं भागाबाई म्हणते, या अक्का... तेवढा वेळ ती असते. मी बोलत नाही. बोललो की जाईल."

"आणि हे?" मी फ्रिजकडे हात केला. "आणून ठेवता कशाला मग?"

"ती येऊन करेल..."

मला रडू येत होतं, पण त्याआधी राग आला. आमचा स्वभावच तसा. म्हटलं, "भाऊजी, अक्का उन्हातान्हातून जाऊन भाजी आणते आणि तुम्ही ती कुजवता? जिवंतपणी तिच्यासमोर केली असती का हिंमत?" मी सडलेल्या जुड्या टाकल्या, नवी चिवळ निवडली, मूगडाळ घालून केली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ताट जवळ ओढलं. मग म्हणाले, "तिनं आणलीय, नाही का," आणि पहिला घास घेतला. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले आणि पोटभर रडून घेतलं.

त्यानंतर आमचं ठरूनच गेलं, न बोलता. बाजाराच्या दिवशी ते अक्का होऊन जायचे, पिशवी आणायचे, मी शिजवायचे, ते जेवायचे. हे बरोबर की चूक, मला माहीत नाही. माणूस जेवत होता, मी पुढचं विचारायला गेले नाही. पण हळूहळू काहीतरी बदलायला लागलं. जून भेंडी येईनाशी झाली. वांगी हलकी, केळी देठाशी हिरवट. पिशवी उपसायला घेतली की वर शेव, मग केळी, शेंगा आणि तळाला पाला. एकदा मी ताट वाढत होते, तर मागून म्हणाले, "पाल्याला मोठी जागा दे." शब्द तिचे, आणि ओढून बोलण्याची ती लकबसुद्धा तिचीच. ते वाक्य तिनं मला मांडवामागे सांगितलं होतं, तेव्हा भाऊजी तिथे नव्हते. तिनं घरीही म्हटलं असेल कधी... असेलच. मी डाव घट्ट धरून वाढत राहिले.

मग परवाचा बाजार. भाऊजींना ताप भरला होता आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. खारीसुद्धा नको म्हणत होते. मला जुनी भीती पुन्हा धरली. आभाळ भरून आलं होतं, उन्हाचा मागमूस नाही, म्हणून मी तोंड उघडं ठेवूनच निघाले. बाजारातही सगळ्या बायकांची तोंडं उघडी. कितीतरी दिवसांनी गावाचे चेहरे दिसत होते. आज भागाबाईला खरं सांगून टाकायचं, असं मी वाटेत ठरवलं होतं.

तिनं मला ओळखलं, अक्काची बहीण म्हणून. मी काही बोलायच्या आत तिनं बाजूला काढलेला ढीग पुढे सरकवला. चिवळ, दोन हलकी वांगी, कोवळी गिलकी. "अक्का आत्तेच तं आठे व्हत्यात," ती म्हणाली. "ऊन नही, काही नही, तरी आपला हिरवा स्कार्फ बांधेल. लिधं काहीच नही. हात लाई लाई बठ्ठं देखं नि म्हने, बहीन मांगेतून यी ऱ्हायनी, तिले दे." मग पाटी झाकता झाकता खुशीत म्हणाली, "बरं वाटनं माले. आवाज मोकया व्हयना आज त्यास्ना."

बहीण मागून येतेय, तिला दे, असं सांगून ठेवलेला तो ढीग मी पिशवीत भरला. खरं सांगायचं राहूनच गेलं. मागे वळून बघितलं नाही, पुढेही फारसं बघितलं नाही. मी व्यवहारी बाई आहे. हिरवे स्कार्फ गावात ढिगानं आहेत, आणि भागाबाईची नजरही आता उतरली असेल. घरी आले तेव्हा भाऊजी अंथरुणातच होते, कपाळ तापलेलं. वांगं भाजलं, भरीत केलं, शेजारी चिवळ आणि चतकोर भाकरी. दोन घास खाऊन ते थांबले आणि ताटात बघत म्हणाले, "एकही बी नाही. आज निवडलं कुणी?"

"अक्कानं," मी म्हटलं.

त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी अजून अर्धी भाकरी मागून घेतली. ताप संध्याकाळी उतरला.

हे लिहायच्या आधी मी त्यांना विचारलं. म्हणाले, लिही, फक्त भाजीवालीचं नाव बदल. आता पाऊस येईल, सनकोट धुऊन ठेवायचे दिवस आले. अक्काचा मी कालच धुतला. स्कार्फ धुवायला म्हणून दारामागे हात घातला तर त्याची टाचणी खाली पडलेली होती, आणि मागे गाठ होती. अक्काची, लहानशी, घट्ट, नेहमीची. भाऊजींनी बांधली असेल, हात शिकतोच शेवटी. मी त्यांना विचारलं नाही, त्यांनीही मला विचारलं नाही. स्कार्फ न धुता तसाच खुंटीला टांगला, आणि आम्ही जेवायला बसलो. आधी पाला वाढून घेतला.