गवताच्या खोऱ्यातली चौकी

दक्षिण सुदानमधल्या त्या खोऱ्यात मी सुभेदार म्हणून सात महिने होतो. शांतिसेनेची चौकी, वीस जवान, दोन गाड्या. भोवती काटेरी तार आणि मातीच्या पोत्यांची भिंत. हेडक्वार्टर साठ किलोमीटरवर.

हे लिहितोय ते केतकीमुळे. निवृत्तीनंतर मी सिंगापूरला, तोआ पायोहमध्ये मुलीकडे राहतो. जावई तुआसच्या शिपयार्डमध्ये आहेत. केतकी आमच्याच ब्लॉकमध्ये राहते, इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक आहे आणि उपग्रहाच्या फोटोंवरून गवताळ प्रदेशांचा अभ्यास करते. एका रविवारी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कॉफी पिताना तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"काका, हे खोरं तुम्ही पाहिलंय ना? हा काळा पट्टा दर वर्षी जळलेला दिसतो. कोण जाळतं?"

"तिथलेच लोक. कोवळं गवत फुटावं म्हणून."

"आणि राहतात कसे?"

"गुरांच्या मागे," मी म्हणालो. पुढचं तेव्हा सांगवलं नाही.

पावसाळ्यात तिथलं गवत माणसाच्या डोक्यावर जायचं. मधून नदी. उंचवट्यावर गवती छपरांच्या गोल झोपड्या. पाऊस संपला की तरुण मंडळी गुरं घेऊन नदीकडे उतरायची आणि शेणाच्या धुरात, गुरांच्या शेजारीच झोपायची. अंगाला राख फासलेली असायची, डास चावू नयेत म्हणून. आधीच्या युद्धात हे गाव दोनदा जळालं होतं. दोन्ही वेळा लोक परत आले आणि त्याच जागी झोपड्या बांधल्या. शाळा चिंचेच्या झाडाखाली भरायची. शिक्षिका मार्था, वय तिशीचं. इंग्रजी चांगलं, त्यामुळे आमची दुभाषीही तीच. पावसाळ्यानंतर हरणांचे कळप खोरं ओलांडायचे, हजारोंनी. सकाळपासून दुपारपर्यंत रांग तुटत नसे. मार्था म्हणायची, "शांतता टिकली तर हे बघायला जगभरातून लोक येतील."

रविवारी कुस्त्या. माझा सेक्शन कमांडर नाईक दत्ता पाटोळे कागलकडचा, तालमीत वाढलेला. पहिल्या रविवारी गावातल्या पोराने त्याला अर्ध्या मिनिटात पाडला. अख्खं गाव हसलं. दत्ता अंग झटकत आला. "राख लावतात, साहेब. हातच टिकत नाही." पुढच्या रविवारी तो स्वतः राख फासून उतरला आणि जिंकला. तेव्हापासून मुलं त्याच्या मागे असायची.

नदीपलीकडच्या टोळ्या गुरं पळवायला येतात, हे आम्हाला माहीत होतं. उन्हाळ्यात नदी आटली. त्या दिवशी ०६४० वाजता उत्तरेकडून फायर सुरू झाला.

मी टॉवरवर चढलो. दुर्बिणीतून दीडशेच्या वर माणसं दिसली. निम्म्यांकडे रायफली, बाकीच्यांकडे भाले. गुरं हाकण्याआधी ते झोपड्या पेटवत होते. एक म्हातारा दारातून बाहेर आला, त्याला दारातच भोसकला. दोन बायका गवतात शिरल्या, त्यांच्यामागे चौघे शिरले. थोड्या वेळाने फक्त चौघेच बाहेर आले.

०६४८. लोक चौकीकडे पळत येत होते. मी गेट उघडायला लावलं आणि हेडक्वार्टरशी बोलायला वायरलेस सेट घेतला.

"अल्फा वन फॉर अल्फा. गावावर हल्ला. सिव्हिलियन आत घेतोय. मदत पाठवा. ओव्हर."

"अल्फा. हेलिकॉप्टरला दोन तास. होल्ड युवर पोझिशन. ओव्हर."

गेटपासून शंभर मीटरवर पळणाऱ्या बायकांवर फायर आला. मी फायरची ऑर्डर दिली. एलएमजीच्या, म्हणजे हलक्या मशीनगनच्या, पहिल्या बर्स्टमध्ये टोळीतले तिघे पडले. त्यातला एक बराच वेळ ओरडत होता.

०७१० वाजता दक्षिण मोर्च्यावरून दत्ताचा आवाज आला.

"साहेब, कोरड्या नाल्यात मार्था मॅडम आहेत. मुलं आहेत सोबत. दहा-बारा. ते लोक नाल्याकडे वळलेत."

"अंतर?"

"तीनशे मीटर. एक गाडी द्या. दोन जवान पुरे."

माझ्याकडे वीस माणसं होती आणि आत चारशेवर लोक. मी नाही म्हणालो असतो तर कुणी मला दोष दिला नसता.

"जा," मी म्हणालो.

गाडी नाल्याच्या काठापर्यंत गेली. जवानांनी मुलांना हातांनी वर ओढून आत टाकलं. शेवटची मुलं चढत असताना टोळी पन्नास मीटरवर आली. गाडी हलायला वेळ हवा होता. दत्ता एलएमजी घेऊन खाली उतरला, काठावर पालथा पडला आणि फायर करत राहिला.

"दत्ता, गाडीत बस. ओव्हर."

"गाडी जाऊ द्या, साहेब. मी येतो."

मार्था आणि मुलांना घेऊन गाडी निघाली. ०७२१ वाजता त्याची एलएमजी थांबली. मी दुसरी गाडी घेऊन गेलो. नाल्यात जवळून लढाई झाली. एकाने गाडीच्या पायरीवर चढून माझ्या खांद्यावर भाला मारला. मी त्याला पिस्तुलाने मारलं. तो वीस वर्षांचाही नसेल. दत्ताच्या गळ्यात गोळी होती, पोटात भाल्याचे दोन वार. हात अजून ट्रिगरवर. आम्ही त्याला उचललं.

टोळी गुरं घेऊन नदीपार गेली. ०९२० ला हेलिकॉप्टर आलं.

दुपारपर्यंत आम्ही गावकऱ्यांबरोबर खड्डे खणले. माझा खांदा बांधलेला होता, मी एका हाताने माती ओढत होतो. दत्ताला हेलिकॉप्टरमध्ये ठेवला तेव्हा मार्था तिथे आली. तिच्या फ्रॉकवर रक्त वाळलेलं होतं. हातात शाळेची वही. गावातल्या मेलेल्यांची नावं ती त्यात लिहीत होती, प्रत्येकाच्या नावाचा अर्थही. त्यांच्याकडे जन्माच्या प्रसंगावरून नाव ठेवायची रीत आहे. कुणी पावसात जन्मलेलं, कुणी वाटेत जन्मलेलं.

"त्याचं नाव इथेच लिहायचंय," ती म्हणाली. "अर्थ काय?"

"दत्ता म्हणजे दिलेला."

"कुणी दिलेला?"

पायलटने हात केला. पंखा सुरू झाला. मला ओरडून सांगावं लागलं.

"त्याच्या आईने."

तिने तेही लिहून घेतलं.