झिजायला भरलेला चुना

माझी आत्या गवंडी. समुद्राकाठच्या जुन्या घरांच्या विटांमधल्या झिजलेल्या दरजा खरवडून त्यांत नवा चुना भरायचा, हेच तिनं जन्मभर केलं. मी मात्र तिला न विचारता, नसता शहाणपणा करून, आमच्या मागच्या भिंतीच्या दरजा सिमेंटनं भरल्या. पाच वर्षांत विटांचा भुगा झाला आणि सिमेंटची पोकळ जाळी तेवढी उभी राहिली.

आत्यानं ती पाहिली आणि मला नको नको ते ऐकवलं. मग मनगट धरून पुढच्या भिंतीपाशी नेलं. तिथल्या दरजा तिनं लग्नाआधी भरलेल्या. तिनं नखानं खरवडलं, तसा चुना पिठासारखा खाली सांडला.

"हा तर पार गेलाय," मी म्हणालो.

"अरे शहाण्या, जायलाच भरला होता. खारं वारं कुणाला तरी खाणारच. चुना मऊ, म्हणून ते त्याला खातं. आता वीट बघ."

मी विटेच्या कडेवरून बोट फिरवलं. पन्नास वर्षं समुद्राच्या तोंडावर उभ्या असलेल्या त्या कडेनं माझ्या बोटावर ओरखडा काढला.

आत्या केव्हाच चुना कालवायला बसली होती, आणखी पन्नास वर्षांत झिजून जाईल असा.