अर्धं बोट पाणी

आमच्या त्या नाटकात तिसऱ्या अंकाच्या शेवटी मी विहिरीत उडी मारायचे. विहीर खरी होती. रंगमंचाखाली पुरुषभर खोल, अरुंद लोखंडी हौद बसवलेला, वर लाकडी कठडा. त्या हौदाची सगळी जबाबदारी हौदमामांची. त्यांचं खरं नाव मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “कशाला हवंय? कोणी पाठवलं तुला?”

मामांचा विश्वास फक्त पाण्यावर. “माणसं थापा मारतात, पोरी. पाणी नाही मारत. तू आत शिरलीस की ते तुझ्या अंगाएवढी जागा सोडतं आणि तेवढंच वर चढतं.”

हौदाच्या आत त्यांनी खिळ्याने रेघ ओढली होती. पाणी त्या रेघेपर्यंत भरायचं. मी बुडाले की ते चार बोटं चढून बरोब्बर काठाशी थांबायचं. वरच्या मजल्यावरच्या प्रेक्षकांना काठोकाठ चमकणारं पाणी दिसे आणि थेंबही सांडत नसे. माझ्या आधीच्या नायिकेची रेघ एक बोट खाली होती. “बाई खात्यापित्या घरच्या,” मामा म्हणायचे.

आणि एका प्रयोगाला पाणी सांडलं. फळ्यांखालून दिव्यांच्या तारा गेलेल्या. अर्धा रंगमंच अंधारात गेला. पुढच्या प्रयोगाला पुन्हा तेच.

“मामा, वय झालं. हातून जास्त भरलं जातं,” मॅनेजर म्हणाले. “आता सांडलं तर नवा माणूस ठेवीन.”

“रेघेला भरलंय,” मामा एवढंच बोलले.

“मामा, अर्धं बोट कमी भरा ना,” मी म्हटलं.

“म्हणजे इतके दिवस जास्त भरत होतो असं कबूल करू? सव्वीस वर्षांनी?”

मग मामांचा तपास सुरू झाला. हौदावर झाकण आलं, झाकणाला कुलूप, कुलपावर स्टूल आणि स्टुलावर स्वतः मामा. सुताराला त्यांनी विचारलं, “परवा इथे वाकून काय बघत होतास?”

“माझा हातोडा पडला होता.”

“हातोडा बरा इथेच पडतो!”

खलनायकाचं काम करणारा आमचा नट भला माणूस, पण सहा महिने रंगमंचावर दुष्टपणा केल्यामुळे मामांच्या यादीत पहिला. माझ्याकडे मात्र त्यांनी संशयाने पाहिलं नाही. तेच मला लागत होतं, कारण लपवण्यासारखं माझ्याकडेच होतं.

उडी मारल्यावर तळाची कडी धरून मला चाळीस आकडे मोजेपर्यंत खाली राहावं लागे. त्या महिन्यात माझी छाती कफाने भरली होती, पंचविसालाच जीव घाबरा व्हायचा. माझ्या जागी यायला दुसरी मुलगी तयारच होती. म्हणून मी फुटबॉलचा ब्लॅडर हवेने भरून पोशाखाच्या कमरेत बांधला आणि त्याची नळी तोंडाशी आणली. त्याच्यामुळे पाणी सांडत असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. हवेला कसलं आलंय वजन!

त्यानंतरच्या प्रयोगाच्या दुपारी मामांनी मला बोलावलं. मॅनेजर उभे होते, शेजारी नवा माणूस. मामांनी मला घरच्या कपड्यांत हौदात उतरवलं. पाणी चार बोटं चढलं. मी बाहेर आले. मग त्यांनी माझा पोशाख आत टाकला. तो भिजून तळाला गेला. पाणी जेमतेम हललं.

“कापडाने पाणी पिऊन घेतलं, जागा कुठे अडवली?” मामा पुटपुटले. “जड-हलकं पाणी बघत नाही. जागा किती अडवली, तेवढंच बघतं. मग राहिलेलं अर्धं बोट कोणाचं?”

हवेचा ब्लॅडरही जागा अडवतो, हे मला तेव्हा उमगलं. मामांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती नव्या माणसावर रोखली. “हा कधीपासून घुटमळतोय इथे?”

“पुरे, मामा. किल्ल्या द्या,” मॅनेजर म्हणाले.

“ते अर्धं बोट माझं आहे,” मी म्हटलं.

“गप्प बस! मला वाचवायला खोटं बोलतेस? कोणी पढवलं?”

माझ्या कबुलीवरही संशय! मी धावत जाऊन ब्लॅडर आणला, सगळ्यांसमोर फुगवला, कमरेला बांधला आणि उडी मारली. तो मला वर ओढत होता, पण मी कडी सोडली नाही. बाहेर आले तेव्हा मॅनेजरांचे बूट ओले होते आणि मामा गुडघ्यांवर बसून काठापासून पाण्यापर्यंत बोटं मोजत होते.

“साडेचार,” ते म्हणाले. न्यायाधीशही निकाल इतक्या शांतपणे देत नसेल.

मॅनेजर माझ्याकडे वळले. “तुला श्वास पुरत नाही तर. आज दुसरी उतरेल.”

“तिची रेघ नाहीये,” मामा म्हणाले. “अनोळखी अंगाची हमी मी देणार नाही. दिवे गेले तर तुम्ही आणि हा नवा माणूस बघून घ्या.”

मॅनेजरांनी ओल्या बुटांकडे पाहिलं आणि नव्या माणसाला जायची खूण केली.

मामांनी खिळा घेतला, जुन्या रेघेखाली अर्ध्या बोटावर नवी रेघ ओढली. संध्याकाळी एक थेंब सांडला नाही. मी निथळत विंगेत आले तेव्हा मामा टॉवेल घेऊन उभे होते. टॉवेल देण्याआधी त्यांनी माझ्या कमरेचा ब्लॅडर दोन बोटांनी दाबून पाहिला.

“रोज एवढाच फुगवायचा,” ते म्हणाले. “चोरून जास्त फुगवलास, तर मला कळेल.”